सायबरबुली (२०११) : रडायच्या जागी हसू का फुटतं?

साकोली_कॉर्नर

अमेरिकेतल्या एबीसी फॅमिली वाहिनीवर जुलै २०११ मध्ये ‘सायबरबुली’ नावाचा टीव्हीपट लागला होता. आमच्या घरी तो परवा बघितला गेला, कारण नववीतल्या भाचीच्या शाळेत या विषयावर वक्तृत्व स्पर्धा आहे आणि तिला ‘मुद्दे’ हवे होते. मुद्दे राहिले बाजूला, घरातली सगळी पोरं पोट धरून हसली. कशाला हसली ते ऐकून काहींना राग येईल, म्हणून आधी गोष्ट सांगतो.

टेलर हिलरिज (एमिली ऑस्मेंट) ही साधी शाळकरी पोरगी. सतराव्या वाढदिवसाला आई तिला लॅपटॉप देते. पोरगी फेसबुकछाप एका बनावट साइटवर खातं उघडते. धाकटा भाऊ तिच्या खात्यात घुसून नको ते लिहून ठेवतो आणि तिथून तिचे दिवस फिरतात. शाळेतल्या पोरींच्या कमेंटी, एका गोडबोल्या मुलाचं खोटं प्रोफाइल, मग शाळाभर बदनामी. शेवटी ती जिवाचं बरंवाईट करायला गोळ्यांची बाटली घेते आणि बाटलीचं झाकणच निघत नाही. तेवढ्यात मैत्रीण आणि आई येऊन पोचतात, पोरगी वाचते. पण ‘झाकण निघत नाहीये’ असा तिनं फोडलेला टाहो गेली कित्येक वर्षं इंटरनेटवर विनोद म्हणून फिरतोय. आमच्या हॉलमध्येही तेच झालं.

याचं खापर सगळे एमिली ऑस्मेंटवर फोडतात. मला ते पटत नाही, ती जीव ओतून काम करते. माझं म्हणणं वेगळं आहे. या चित्रपटात छळणाऱ्यांपैकी एकालाही विनोद जमत नाही. कमेंटी बघा, नुसत्या शिव्या, त्याही बेचव. खऱ्या वर्गात असं असतंय का? पोरं ज्याच्या मागनं जातात तो वर्गातला सगळ्यात हसवणारा असतो. भाचीनं मला तिच्या मोबाइलवर एक फोटो दाखवला. एका मुलाचा पासपोर्ट साइझ, भोवती काळी चौकट, फुलांचा हार, दोन्ही बाजूंना समया. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ‘शोकाकुल : समस्त नववी ब’ आणि नावांची यादी, त्यात पहिलं नाव त्याच्या जिवलग मित्राचं. पोरगा ठणठणीत आहे. गणितात मार्क कमी पडले म्हणून त्याची ही तिरडी बांधलेली. खरं सांगायचं तर फोटो बघून मलाही फिस्कन हसू आलं. मग विचारलं, त्याच्या आईनं हे बघितलं तर? भाची म्हणाली, “मामा, आईनंच आधी बघितला. कुणीतरी त्यांच्या फॅमिली ग्रुपवर टाकलावता.”

असला खलनायक या चित्रपटाला सुचलेलाच नाही. त्यानं दुष्टांकडचा विनोद काढून घेतला. मग एवढ्या रडारडीत हसायला जागा कुठं उरली? ती सापडली बाटलीच्या झाकणात, म्हणजे नेमकी जिथं नको होती तिथं.

कुणी बघितलाय का? काय वाटलं?

गंगावेस

सिनेमा बघितला न्हाई पण ‘समस्त नववी ब’ वाचून ऑफिसात मोठ्यानं हसलो. सायेब बघाय लागलेत.

वाचनवेडी

मी बघितलाय आणि मला अजिबात हसू आलं नाही. एक मुलगी मरायला निघाली आहे आणि आपण तिच्या धडपडीची क्लिप करून फिरवतोय, यात विनोद कुठला? उलट मला तर तो प्रसंग फार खरा वाटला. अमेरिकेत लहान मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी झाकणं औषधांना लावायचा कायदा १९७० पासून आहे. म्हणजे त्या झाकणानं आपलं काम चोख केलं आणि पोरगी वाचली. लेखकानं नकळत का होईना, बरोबर लिहिलंय. आपल्याकडं गोळ्यांची पाकिटं असतात, त्यामुळं तुमच्या पोरांना झाकणाचं एवढं काय अडलंय हेच कळलं नसेल. न कळलेल्या गोष्टीला लोक हसतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि साकोली, तुम्ही त्या श्रद्धांजलीच्या फोटोला हसलात हे इतक्या सहज लिहून टाकलंत, त्याचंही नवल वाटलं.

साकोली_कॉर्नर

ताई, लिहिलं कारण तिथंच तर सगळी गोम आहे. त्या फोटोला हसू येत नसतं तर तो कुणी पुढं पाठवलाच नसता. बेचव शिवी एका ग्रुपात पडून राहते. चांगला जमलेला विनोद फॅमिली ग्रुपपर्यंत पोचतो.

परदेशी_पाखरू

मूळचा राजारामपुरीचा, आता इकडं टेक्सासमध्ये. हा चित्रपट असा पाठ्यपुस्तकासारखा का झालाय याला कारण आहे. ‘सेव्हन्टीन’ हे मुलींचं मासिक आणि ही वाहिनी यांनी मिळून त्या वर्षी ऑनलाइन छळाविरुद्ध मोहीम चालवली होती, त्या मोहिमेचा हा भाग. मोहिमेच्या चित्रपटात प्रत्येक पात्राला एकेक मुद्दा वाटून दिलेला असतो. आई म्हणजे कायद्याचा मुद्दा. भाऊ म्हणजे ‘पासवर्ड सांभाळा’. मुद्द्याला कुठली आलीय विनोदबुद्धी?

खरी गोष्ट याहून फार भयंकर होती. २००६ साली मिसूरी राज्यात १३ वर्षांच्या एका मुलीशी मायस्पेस या तेव्हाच्या फेसबुकसारख्या साइटवर एक मुलगा गोड बोलत होता, मग एकाएकी उलटला, आणि त्या मुलीनं जीव दिला. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. त्या खोट्या खात्यामागे तिच्या जुन्या मैत्रिणीची आई होती, त्याच गल्लीत राहणारी. मिसूरीत तिच्यावर लावायला कलमच सापडेना. म्हणून खटला उभा राहिला लॉस एंजेलिसमध्ये, मायस्पेसचे सर्व्हर तिकडं होते या आधारावर. ज्युरीनं २००८ मध्ये किरकोळ गुन्ह्यांत दोषी धरलं, २००९ मध्ये न्यायाधीशांनी तेही रद्द केलं. मिसूरीनं मधल्या काळात, २००८ मध्ये, आपला कायदा बदलून घेतला.

आता चित्रपटात बघा. खोटं प्रोफाइल कोण काढतं? मैत्रीण. मोठ्या माणसाला साफ वगळलं. पोरांसाठीच्या वाहिनीवर, पालक शेजारी बसलेले असताना, चाळिशीपलीकडची शेजारीण दाखवायची कुणाची छाती झाली नसणार.

तांबडा_पांढरा

साकोली, तुझ्या ‘विनोद नको तिथं जाऊन बसला’ याचा जिवंत नमुना मी गणपतीत बघितलाय.

बाहेरच्यांसाठी सांगतो. कोल्हापुरात गणपतीला राजारामपुरीकडं तांत्रिक देखावं आणि जुन्या पेठांत सजीव देखावं. मंडपात स्टेज, आवाज आधी रेकॉर्ड केलेला, पोरं नुसती तोंडं हलवत्यात. धा-बारा मिन्टांचा खेळ. संपला की पडदा, परत पब्लिक आत, परत पहिल्यापासनं. रात्री उशिरापतोर ह्योच धंदा. विषय दरसाल सामाजिक. हुंडा, दारू, झाडं लावा.

एका वर्षी आमच्या पेठंत एका मंडळानं मोबाइलवर केला. गोष्ट तीच, पोरगी, खोटं प्रोफाइल, बदनामी. पोरीचं काम कराय पोरगीच मिळंना, म्हणून तालमीतलं एक पोरगं पंजाबी ड्रेसात उभं केलं. जोर-बैठका मारून दंड असलं झालेलं की पहिल्याच खेळाला बाही उसवली, पुढं सगळीकडं शाल पांघरून. आवाज मात्र कुणाच्या तरी बहिणीचा, एकदम नाजूक. आणि खलनायक म्हंजे थर्माकोलचा सात फुटी मोबाइल, त्येला शिंगं, आत एक माणूस. त्यो नुसता “हा हा हा” करायचा.

मधल्या एका रात्री पेनड्राइव्ह अडकला. “मला वाचवा, मला वा, मला वा, मला वा” सुरू. पोरगं बिचारं घामानं निथळत हुतं, त्येनं तेवढ्यात कोपऱ्यातली बाटली उचलून पाणी प्यायला घेतलं. तोंडात पाणी आणि आवाज चाललाय “मला वा, मला वा”. आतला मोबाइल हसून हसून आडवा झाला, त्येचं एक शिंग पुढच्या रांगेतल्या आज्जीच्या मांडीवर. पब्लिक खाली बसलं!

दुसऱ्या दिवशी रांग निम्म्या गल्लीपतोर. सगळी इचारायला लागली, “पाणी प्यायचं दाखिवता न्हवं?” मंडळानं ते ठिवलं. ज्या सरांनी गोष्ट लिवली हुती ते परत तिकडं फिरकलं न्हाईत.

आता मुद्द्याचं. थर्माकोलाच्या आत जो हुता त्यो पेठंतला एक नंबरचा खेचाखेची करणारा. वर्षभर ग्रुपवर कुणाला जगू देत न्हाई. एकाला त्येच्यापायी ग्रुप सोडायला लागला, एकानं तर क्रिकेटला यायचंच बंद केलं. त्येला आत घालून “हा हा हा” कराय लावलं. त्येच्या तोंडनं त्येचंच रोजचं बोलणं स्टेजवर ऐकवलं असतं, तर मंडपातली निम्मी पोरं गप्प बसली असती.

गंगावेस

आज्जीला लागलं काय?

तांबडा_पांढरा

थर्माकोल ते. आज्जीनं शिंग घरला नेलं, नातवाला.

शाळाबाई

शहरातल्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

जनजागृतीची व्याख्यानं आमच्याकडे दर वर्षी होतात. पाहुणे पडद्यावर काळा हूडी घातलेला, चेहरा न दिसणारा हॅकर दाखवतात आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. मुलांना तो ओळखीचाच वाटत नाही. त्यांना त्रास देणाऱ्याचा चेहरा त्यांना रोज दिसतो, डबाही त्याच्याचबरोबर खातात.

पण साकोली_कॉर्नर, तुमच्या विनोदाच्या सिद्धांतात एक गोष्ट बसत नाही. माझ्याकडे रडत आलेल्या मुलींपैकी फार थोड्या कमेंटमुळे आल्या. जास्त करून येतात त्या ग्रुपमुळे. वर्गाचा एक ग्रुप असतो. एके दिवशी तो शांत होतो. गृहपाठ विचारला तरी कुणी उत्तर देत नाही. मग कळतं की नवा ग्रुप निघालाय, त्यात सगळ्या आहेत आणि आपण तेवढ्या नाही. जुना ग्रुप तसाच ठेवलेला, तिला संशय येऊ नये म्हणून. एकही वाईट शब्द नाही, शिवी नाही, फोटो नाही. मी मुख्याध्यापकांना दाखवू काय? पालकांना बोलावून सांगू काय? “तुमच्या मुलीनं ग्रुप काढला”? आया हसून म्हणतात, “मॅडम, अहो मुलं आहेत ती.”

अशी रिकामी जागा टीव्हीवर दाखवणं अवघड. शिवी दाखवता येते, म्हणून सगळे चित्रपट शिव्या दाखवतात.

‘अडोलसन्स’ ही ब्रिटिश मालिका (मार्च २०२५, नेटफ्लिक्स, चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये) मला त्यामुळे आवडली. त्यात एका शाळकरी मुलीच्या खुनाचा तपास करणारा पोलीस अधिकारी शाळेत जातो आणि इन्स्टावरच्या कमेंटी वाचून त्याला वाटतं मुलं मैत्रीत आहेत. त्याचाच मुलगा त्याला बाजूला घेऊन इमोजींचा खरा अर्थ समजावतो. म्हटलं तर तो विनोदी प्रसंग आहे, बापाला काहीच कळत नाहीये. पण कुणी हसत नाही, कारण बाप हास्यास्पद दिसतोय हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत आहे. ‘सायबरबुली’त मोठी माणसं तितकीच अडाणी आहेत, पण चित्रपटाला त्याचा पत्ता नाही.

वाचनवेडी

शाळाबाई, रिकाम्या ग्रुपचं अगदी खरं. आमच्या सोसायटीच्या भिशीतही हेच चालतं आणि त्या बायका पन्नाशीच्या आहेत.

माझा मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. त्या क्लिपवर हसणारे लाखो लोक आणि चित्रपटातल्या पोरी, दोघं करतात ते एकच. एका रडणाऱ्या मुलीचा तुकडा कापायचा, संदर्भ काढून टाकायचा, फिरवायचा.

साकोली_कॉर्नर

नाही पटत. टेलर हे कुणीतरी लिहिलेलं पात्र आहे, त्याला हसलं म्हणजे लिहिणाऱ्याला हसलं. श्रद्धांजलीवाल्या पोराला दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसायचं असतं. दोन्हींना एकच माप लावलं तर उद्या ‘मला वा’ वर हसणाऱ्या अख्ख्या पेठेला छळवादी म्हणावं लागेल.

वाचनवेडी

पात्र लिहिलेलं, पण चेहरा एमिली ऑस्मेंटचाच आहे ना? तो तर कुणी लिहिलेला नाही.

काळा_कोट

चर्चा छान चालली आहे, पण आईनं कायद्यासाठी उंबरठे झिजवायचा जो भाग चित्रपटात आहे त्यावर कुणी बोललं नाही, म्हणून आमची पिंक.

आपल्याकडे लोक अजूनही कलम ६६अ लावा म्हणत येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी अटक झाली होती, ते प्रकरण या याचिकेच्या मुळाशी होतं. पोस्ट एकीची, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. ‘त्रासदायक’ या शब्दात काहीही बसवता येत होतं, म्हणून ते कलम गेलं आणि गेलं ते बरंच झालं.

आजच्या घडीला टेलरचं प्रकरण इथं घडलं तर भावानं तिच्या पासवर्डनं तिच्या नावावर लिहिलं ते ६६सी. खोटा मुलगा बनून फसवणूक केली तर ६६डी. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. खासगी फोटो परवानगीशिवाय फिरवले तर ६६ई. अल्पवयीन मुलांचे अश्लील फोटो असतील तर ६७बी आणि जोडीला पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), तिथं मात्र कुणाची गय नाही. फोटो ‘गंमत म्हणून’ नुसता पुढे पाठवणाराही अडकतो, हे पालकांना सांगून सांगून घसा कोरडा पडला.

पण करणारा १८ वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तिथं शिक्षेपेक्षा सुधारणेचा विचार असतो आणि असायलाच हवा. ‘कायदा आला, प्रश्न सुटला’ असा शेवट फक्त टीव्हीवर होतो. श्रद्धांजलीच्या फोटोला आणि शाळाबाईंच्या रिकाम्या ग्रुपला मला तरी कलम सापडत नाही. शोधूही नका, ते काम वर्गशिक्षकांचं आहे.

व्यवहाराचं सांगतो. चॅट डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात खात्याचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. सायबर तक्रारीसाठी १९३०, मुलांसाठी १०९८. आणि मूल खचलेलं दिसलं, मरणाची भाषा करायला लागलं, तर पोलीस-वकील नंतर. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं.

गंगावेस

वकीलसाहेब, मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्यापास्नं तुमचं प्रतिसाद लांबायला लागलेत. 😀

काळा_कोट

पूर्वी मुंबईच्या गाडीत बसून लिहायचो, रेंज जायची. आता रेंज जात नाही.

साकोली_कॉर्नर

नमस्कार. मी भाची. मामाचा मोबाइल चार्जिंगला आहे आणि त्याचं हे अकाउंट उघडंच होतं.

धागा पूर्ण वाचला. पहिली गोष्ट, आम्ही झाकणाला हसलो नाही. झाकण आम्हाला माहिती आहे, आजीच्या आयुर्वेदिक गोळ्यांना तसलंच आहे आणि ते आम्हीच उघडून देतो. आम्ही हसलो कारण त्या सीनला मामा रडत होता आणि चष्मा पुसायला त्यानं सोफ्याचं कव्हर घेतलं. ते त्यानं लिहिलेलंच नाही.

दुसरी गोष्ट, चित्रपटातल्या मुली कमेंटमध्ये पूर्ण वाक्यं लिहितात. असं कोण लिहितं? भांडताना तर कुणीच नाही. मला कुणी ‘ओके.’ असं शेवटी टिंब देऊन लिहिलं तरी माझ्या पोटात गोळा येतो.

तिसरी. श्रद्धांजलीचा फोटो त्या मुलानं स्वतःच डीपी ठेवला. सगळे म्हणाले, कसला भारी आहेस, मनावर घेत नाहीस. आता तो ग्रुपवर काही लिहीत नाही. यादीत पहिलं नाव ज्याचं होतं त्याला कुणी विचारलंच नव्हतं, बनवणाऱ्यानं त्याचं नाव घालून टाकलं. त्याला हे सगळं समजावून सांगायचं आहे, पण आता सांगितलं तर त्याचीच खेचतील म्हणून तोही गप्प आहे. स्पर्धेत हे बोलू का? नावं न घेता बोलले तरी सगळ्यांना कळणार.

मामाला सांगू नका मी लिहिलं ते.

शाळाबाई

बाळ, स्पर्धेत नको बोलूस. पण यादीतल्या त्या पहिल्या मुलाला म्हणावं, ग्रुपवर काहीच लिहू नको, शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर सायकल हातात धरून घरापर्यंत चालत जा. बोलला तर बोलला.

तांबडा_पांढरा

सोफ्याचं कव्हर!! 😂😂 साकोली, आता तुझा देखावा करतो बघ.

परदेशी_पाखरू

धाकट्या भावाचा भाग आमच्या डोळ्यांसमोर घडला की राव.

साकोली_कॉर्नर

पासवर्ड बदलला आहे. कव्हर धुवायलाच टाकायचं होतं. आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिच्या आईच्या कामामुळं, तिचं काम खरोखर चांगलं आहे, त्यावर कुणीच काही लिहिलं नाही.

भाचीशी बोललो. यादीतल्या पोराला ती ओळखते, शाळाबाईंचा निरोप देते म्हणाली. भाषणाचा विषयही तिनं बदललाय, आता ‘पावसाळ्यात रंकाळा’ घेतलाय.

वाचनवेडी

साकोली, रडलात हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढी भांडलेच नसते.

गंगावेस

पेनड्राइव्हवाला व्हिडिओ कुणाकडं असंल तर टाका की. आज्जीपास्नंचा.